गोळीला गोटी

कुरवंडे
गुरुवार, २२ जानेवारी २०२६

कौमुदीताईंना पिंकीचा नमस्कार.

वासंतीआजींना आन आजोबांना माजा नमस्कार सांगा. चिमीचा गालगुच्चा घ्या. आमी हितं सगळे बरे हाओत. तुमी पण बरे असाल.

पत्र बघून तुमाला हसू यील. फोन असताना पत्र कशाला लिवायचं. पण तुमचा फोन वाजला की मी नुसती त्याच्याकडं बघत बसते. अकरा वेळा वाजला. उचलला तरी माज्या तोंडातनं काय येत न्हाई, तुमाला म्हाईत हाये. व्हाट्सपवर लिवायला बसले, तर मी लिवतीये हे तिकडं दिसतं म्हणं. मग तुमी बघत बसला असाल असं वाटून सगळं पुसलं. कागदावर लिवताना कोण बघत न्हाई.

सोमवारपास्नं मी कामाला आले न्हाई. आईची कंबर धरलीये. ती चिक्कीच्या कारखान्यात दिवसभर खाली बसून पाकिटं भरती, त्यानं झालं असंल. घरात कुणीतरी पायजे म्हणून मी ऱ्हायले. राग धरू नका.

रुचिर कसा हाये? जेवतो का? इंजेक्शन देताना अजून पंख्याकडंच बघतो का? त्याला सांगा की पिंकीताई... जाऊ द्या, काय सांगू नका.

मी न्हाई तर त्याच्या जागा तुमाला म्हाईत पायजेत, म्हणून मुद्दाम लिवतीये. सण झाला की त्याच्याकडं कुटनं ना कुटनं गोड गोळ्या येतात. तुमी कपाटं बघता, पण तो कपाटात ठेवत न्हाई. आजोबांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत दोन बसतात. क्रिकेटच्या पॅडचं शिवण उसवलंय, त्यात बसतात. गणपतीत त्यानं एक चॉकलेट तुळशीच्या कुंडीत पुरलं व्हतं, आन मला म्हणाला, "पिंकीताई, झाड यील ना, मग ते माजं झाड. झाडाचं चालतंय ना?" मी लय हसले. तुमाला सांगितलं न्हवतं.

अजून एक सांगितलं न्हवतं. गेल्याच्या आदल्या दिवाळीत माज्या हाताला मांजर चावलं म्हणून तुमी हळद लावली, ते मांजर न्हवतं. मी नवीन व्हते. तुमी म्हणाला व्हता, त्यानं कितीबी मागितलं तरी न्हाई म्हंजी न्हाई. मी दोन दिवस हिसकावून घेतलं, तिसऱ्या दिवशी त्यानं दात रोवले. चूक माजी व्हती. त्या वर्सी त्याला नुकतंच कळलं व्हतं की त्याला शुगर हाये. घरातले सगळे लाडू खातात आन त्याच्याकडं बघून ताट झाकतात. पाच वर्साच्या पोरानं काय करायचं?

मग मी आमच्या गावातल्या दुकानातनं गोट्या नेल्या. गोळीला गोटी. त्यानं एक गोळी दिली की मी एक गोटी द्यायची. कुणी दिली, कुटं लपवली, इचारायचं न्हाई. तुमाला सांगायचं न्हाई. त्यानं पण सांगायचं न्हाई. तसं बोटाला बोट लावून ठरलं. मग हिसकवावं लागलं न्हाई. नाताळात शाळेतल्या त्या लाल टोपीवाल्यानं मूठभर दिल्या, तर घरी आल्या आल्या पायरीवर बसला आन म्हणाला, "दुकान उघडा." गोटी मिळाली की आधी उजेडाकडं धरायचा, आतली नक्षी बघायचा, मगच खिशात टाकायचा. त्या गोळ्या मी आमच्या आळीतल्या पोरांना वाटायचे. तुमाला वाटायचं त्याला शाणपण आलं. आलं व्हतं, पण गोटीनं आलं.

तुमच्याकडं सण लांबतो. आमच्याकडं एका दिवसात पोळी खाल्ली की झालं. तुमच्याकडं पंधरा दिवस डबे येत ऱ्हातात, पाव्हणे येत ऱ्हातात, आन परतेक पाव्हण्याला पोराच्या हातावर कायतरी ठेवायचं असतं. "एकानं काय होतंय" असं सगळे म्हणतात. सगळ्यांची एक एक धरली की किती होतात हे कुणी बघत न्हाई.

रविवारचं काय लिवू. चिमी लय गोड दिसत व्हती. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, आन बोरन्हाणाला डोक्यावरनं बोरं-चुरमुरे पडले तरी रडली न्हाई, एक चुरमुरा नाकाला चिकटला तो बघत बसली. पोरं नुसती गोळ्यांवर तुटून पडली. तुमी म्हणाला, पहिल्या संक्रांतीचं बोरन्हाण परत येत न्हाई, म्हणून सगळ्यांना बोलवलं.

पुढचं तुमाला म्हाईतच हाये.

हास्पिटलात तुमी मला जवळ घेतलं आन म्हणाला, "तू वर होतीस म्हणून कळलं गं." तसं काय म्हणू नका. मला ते आवडलं न्हाई.

मशीनचं इचारलं व्हतं. त्याच्या बोटातलं रक्त बघायचं मशीन मला दिसलं न्हाई. गडबडीत कुटं पडलं असंल. नवीन घेतलं असंल तुमी.

चंपामावशी येतात का कामाला? आजी त्यांना लय बोलल्या. लाडू हातात दिला असं त्या म्हणाल्या, तर दिलाच असंल. त्या खोटं बोलत न्हाईत.

अजून एक. फ्रिजवर तुमी जो कागद लावलाय तो इंग्रजीत हाये. तो मराठीत लावा. आन दुसरी कुणी पोरगी ठेवली तर तिला "समजलं का" असं इचारू नका. तिला परत म्हणून दाखवायला सांगा. मला सुचलं म्हणून लिवलं, बाकी काय न्हाई.

कमीजास्त लिवलं असंल तर पोटात घाला.

तुमची
पिंकी

ता. क. हे पत्र दत्तोबांकडं दिलंय. ते रोज तुमच्याच आळीत दूध घालतात. त्यांना च्या पाजा, आमच्या गावचे हायेत. साखर लय लागती त्यांना.


कुरवंडे
रविवार, २५ जानेवारी, रथसप्तमी

कौमुदीताई, नमस्कार.

आईची कंबर धरली न्हवती. ते आधी लिवून टाकते, म्हंजी मागं जाता येणार न्हाई.

तुमची चिठ्ठी आन ड्रेस दत्तोबांनी शुक्रवारी आणून दिला. ड्रेस मापाचा हाये. घातला न्हाई. चिठ्ठी किती वेळा वाचली म्हाईत न्हाई. तुमी लिवलंय, "चंपाला आम्ही कामावरून काढलं. मुलाच्या जिवाशी खेळ नको. आता रुचिरचं खाणंपिणं सगळं तूच बघ." आन खाली लिवलंय, "तो कुणाशी फार बोलत नाही. लाडवाचं काय झालं असं विचारलं की नुसता गोट्या मांडत बसतो."

तुमाला वाटलं तो घाबरलाय. तो घाबरला न्हाई. तो शब्द पाळतोय.

काल मी आईसंगं बाजारात गेलते. कारखान्यात माजं पण काम होतंय का बघायला. आई आत गेली. मी भाईर उभी ऱ्हायले. आतनं गुळाच्या पाकाचा वास यायला लागला, म्हणून लांब कट्ट्यावर जाऊन बसले. तर बाजूला चंपामावशी. त्या पण कामासाठीच आल्या व्हत्या.

मला बघून म्हणाल्या, "काय गं मुके, आज बाजारात?"

त्या मला पयल्यापास्नं मुकी म्हणतात. मायेनं म्हणतात.

मी म्हणाले, आईसंगं आले.

"पोरगं कसं हाये?"

"बरं हाये म्हणं."

"मग झालं." एवढं म्हणून त्यांनी तपकीर वढली. मग आपणच सांगायला लागल्या. "म्हातारीनं माजी पिशवी उलटी केली गं. मशीन चोरलं म्हणं मी. मला काय करायचंय त्याचं, घरी पाटावर मांडून पूजा करू? निघालं काय, तर माजा डबा, पोळीचं फडकं आन तपकिरीची डबी. डबी उघडून बघितली म्हातारीनं. दोनदा शिंकली."

हसल्या त्या. मग हसायच्या थांबल्या. "बारा वर्सं पोळ्या लाटल्या त्या घरात. कौमुदीचं लगीन व्हायच्या आदीपास्नं."

मी इचारलं, "मावशी, तुमी काय बोलला न्हाई का?"

"काय बोलू? लाडू मी हातात दिला, एवढं म्हाईत. पुढं पोरानं खाल्ला का कावळ्यानं नेला, मी कुटं बघितलं? गॅसवर दूध व्हतं." आन मग खाली बघून म्हणाल्या, "माजंच चुकलं असंल. दूध गेलं असतं उतू तर गेलं असतं. पोरानं घास गिळेपतोर हलायला नको व्हतं मी."

ताई, त्यांना आता स्वतःलाच तसं वाटायला लागलंय. चोरी न्हाई केली हे त्यांना म्हाईत हाये, पण लाडवाचं त्यांना खरं वाटायला लागलंय. जाताना मला म्हणाल्या, "तुजं बरं हाये बघ. मुक्याला कोण काय इचारत न्हाई."

मी त्यांना काय बोलले न्हाई. घरी आले आन लिवायला बसले. कालचे दोन कागद फाडले. हा तिसरा.

आता मागल्या रविवारचं सांगते.

दुपारी मी वर चिमीचं झबलं इस्त्री करत व्हते. खाली स्वैपाकघरात तुमी चंपामावशींना काय सांगितलं ते मी ऐकलं न्हवतं. ते मला हास्पिटलात कळलं. आज सणाचं त्याला पण खाऊ दे, म्हणून तुमी एक तिळाचा लाडू आन चार गोळ्या धरून इंजेक्शन दिलं व्हतं. तेवढं त्याच्या पोटात जायलाच पायजे व्हतं. मला म्हाईत असतं तर... पण मला इचारायची सवय न्हाई, आन तुमाला वाटलं घरात सगळ्यांना म्हाईत हाये.

मी खाली आले तर रुचिर मागच्या दारी, शेवग्याखाली. एका हातात लाडू, दुसऱ्या हातात गोळ्या. लाडू तोंडापाशी नेलेला. मी धावले. म्हणाले, दे हिकडं, गोळीला गोटी.

तो म्हणाला, "आज गोटी नको. आज आईनं दिलंय."

ताई, "आईनं दिलंय" हे तो नेमी म्हणायचा. दिवाळीत शेव-चिवड्याच्या खाली लपवलेली बर्फी सापडली तवाबी म्हणाला, आईनं दिलंय. त्यामुळं मला हसू आलं. मी म्हणाले, व्हय का, आन गोळ्या कुणी दिल्या, पंतपरधानानं?

तो हसला न्हाई. मूठ घट्ट केली. मी एक एक बोट सोडवलं. त्या पयल्या दिवाळीनंतर मी कधीच हिसकावलं न्हवतं, त्या दिवशी हिसकावलं. पाव्हणे व्हते, सगळे बघत व्हते असं वाटलं, म्हणून. चावला न्हाई या वेळी. नुसता म्हणाला, "पिंकीताई, तू खोटारडी हायेस. दुकान बंद."

मी लाडू आन गोळ्या ओढणीच्या टोकाला बांधल्या. मला लय भारी वाटलं, हे पण लिवते. एवढ्या घरात माजंच एकटीचं लक्ष हाये असं वाटलं.

मग बोरन्हाण झालं. तो पोरांत खेळला, पळापळी केली, पण खाली पडलेली एक गोळी उचलली न्हाई. मग जिन्यावर येऊन बसला. कपाळाला घाम. म्हणाला, पाय लटपटतायत. मला वाटलं रुसलाय. वर नेला, मशीनवर बोट टोचलं. एक्कावन्न आला.

हितं मला नीट सांगायचंय, कारण तुमी मला शिकवलं व्हतं. पयल्याच दिवशी शिकवलं. म्हणाला व्हता, "हायपो झाला तर निळ्या झाकणाच्या डब्यातली ग्लुकोज पावडर दोन चमचे पाण्यातून लगेच दे, थांबायचं नाही. समजलं का?" मी मान हलवली.

हायपो. मला "हाय" समजलं, ताई. हाय म्हंजी जास्त. बीपी हाय असती तसं. तुमाला आठवतं का, मी एकदा फोनवर "ताई, शुगर हाय हाये" म्हणाले व्हते, आन रुचिर दिवसभर "हाय हाये, हाय हाये" करत नाचला? मला वाटलं हायपो म्हंजी लयच हाय. आन ग्लुकोज म्हंजी औषध. दवाखान्यात बाटली लावतात ते. ते गोड असतं हे मला म्हाईत न्हवतं. डबा मी कधी उघडला न्हवता. दोनशेच्या वर गेलं की मी तुमाला फोन करायचे, तुमी काय ते बघायचा, म्हणून पावडरची वेळ आली न्हाई. आन एवढा कमी आकडा माज्यासमोर कधी आला न्हवता.

कमी म्हंजी चांगलं, असंच मला म्हाईत व्हतं. त्याचंबी कारण हाये. आमच्या आबांना, अंबाजी माज्या आजोबांचं नाव, शुगर व्हती. आई चिक्कीचा चुरा घरी आणायची. आबा मला हळूच म्हणायचे, पोरी, वाईच चुरा दे. मी द्यायचे. मला ते आवडायचे म्हणून द्यायचे. त्यांचा अंगठा काळा पडला, मग पाय कापला, मग ते गेले. तवा शिबिरातली सिस्टर कधी म्हणाली की "शुगर कमी झाली," तर आमच्या घरी आनंद व्हायचा, आई देवाला दिवा लावायची. तुमच्याकडं काम लागलं तवा मी मनात म्हणाले, हितं चुरा द्यायचा न्हाई. काय झालं तरी द्यायचा न्हाई.

एक्कावन्न बघून मी रुचिरला म्हणाले, "बघ, किती छान आलाय आकडा! आईला सांगू, खूश होईल."

तो म्हणाला, "एक गोळी दे ना."

मी म्हणाले, न्हाई.

"अर्धी दे."

न्हाई.

मग म्हणाला, "झोप येतीये." मी त्याला आडवा केला, पांघरूण घातलं. गोळ्या माज्या ओढणीत व्हत्या, ताई. त्याच्या तोंडापास्नं एवढ्याशा अंतरावर. मी पांघरूण नीट केलं तवा ती गाठ त्याच्या गालाला लागली.

मशीन ओढणीतच गुंडाळलं आन खाली पंगत वाढायला गेले. परत वर गेले तवा तो थडथड उडत व्हता. तोंडातनं फेस. मी जिन्याच्या वर उभी ऱ्हायले आन माजं तोंड उघडलं, पण आवाज आला न्हाई. खरंच आला न्हाई. चंपामावशी ताटं घेऊन चालल्या व्हत्या, त्यांनी वर बघितलं. माजं तोंड बघून ताटं टाकली आन धावल्या. तुमाला हाक त्यांनी मारली. म्हंजी पोराला वाचवलं त्यांनी. मी न्हवे.

हास्पिटलात डॉक्टर तुमाला म्हणाले, "हायपो झाला होता, शुगर पार खाली गेलेली." मी भिंतीला टेकून उभी व्हते. तितंच मला सगळं कळलं. आन तवाच तुमी मला जवळ घेतलं. मला वाटलं आता सांगावं. तेवढ्यात आजींनी चंपामावशींना इचारलं, "हातात दिला, पण पोटात गेला का ते बघितलंस?" मावशी गप्प झाल्या. आन मी पण गप्प.

शाळा मी का सोडली ते तुमी एकदा इचारलं व्हतं. मी म्हणाले, लांब पडायची. लांब न्हवती. नववीत बाईंनी मला उभं केलं, म्हणाल्या, "प्रतीक्षा, आत्ता शिकवलं ते सांग. समजलं म्हणून मान हलवलीस ना?" शाळेत माजं नाव प्रतीक्षा. मला काय समजलं न्हवतं. सगळा तास मी उभी ऱ्हायले, घंटा झाली तरी उभी. दुसऱ्या दिवशी गेले न्हाई. शाळेत मान हलवली तर माजंच वाटोळं झालं. तुमच्या घरी मान हलवली तर रुचिरचं झालं असतं.

तुमी लिवलंय, आता सगळं तूच बघ. तसं करू नका. निदान मला सगळं परत शिकवल्याबिगर करू नका. शिकवायचंच नसंल तर ते पण बरोबर हाये.

या पत्रासंगं एक पिशवी हाये. त्यात मशीन हाये. डावीकडचं बटण दाबलं की मागचे आकडे वेळेसकट दिसतात. रविवार, पावणेसहा, एक्कावन्न. ते चंपामावशींनी चोरलं न्हवतं. हास्पिटलातनं घरी आल्यावर ओढणी सोडली तवा ते लाडवासंगं निघालं. परत द्यायला धीर झाला न्हाई. पहिल्या पत्रात दिसलं न्हाई म्हणून लिवलं, ते खोटं.

लाडू पण पिशवीत हाये. त्याला मुंग्या लागल्यात, तरी टाकला न्हाई, कारण तो मावशींनी हातात दिला व्हता याचा तोच पुरावा हाये. चार गोळ्या हायेत. आन पाच गोट्या. चार गोळ्यांच्या चार आन लाडवाची एक मोठी, निळ्या नक्षीची. त्या रविवारी द्यायच्या ऱ्हायल्या. त्याला त्या घ्यायच्या नसतील तर आग्रह करू नका.

पण त्याला एवढं सांगा: पिंकीताईनं बोटाला बोट लावलेलं सोडवलंय. आता शब्द पाळायचा न्हाई. कुणी काय घेतलं ते सगळं सांगायचं. आन इथनं पुढं पाय लटपटले तर घरभर वरडायचं, कुणी न्हाई म्हणालं तरी गोड मागायचं, हिसकावून खायचं, चावायचं.

उद्या सव्वीस जानेवारी. झेंडावंदनाला त्याच्या शाळेत गोळ्या वाटतात. तुमी निघायच्या आदी हे सगळं तुमच्या हाती पडलं पायजे, म्हणून या वेळी दत्तोबांकडं देणार न्हाई. मी सकाळी पयल्या जीपनं येतीये. आदी चंपामावशींच्या घरी जाणार, त्यांना तोंडानं सांगणार. त्यांनी थोबाडीत दिली तर खाईन. आल्या तर त्यांना संगं घेऊन यीन, न्हाई आल्या तर एकटी यीन.

पत्र आजींच्या हाती द्यायचं न्हाई, ताई, तुमी वाचायचं. आन मनात वाचू नका. आजींसमोर, आजोबांसमोर मोठ्यानं वाचा, म्हंजी मला भाईर ऐकू यील. कुटं खोटं वाटलं, काय इचारावंसं वाटलं, तर हाक मारा. मी आत यीन. मान हलवणार न्हाई, बोलीन. आवाज लगेच आला न्हाई तर वाईच थांबा, यील.

हाक मारली न्हाई तरी मला समजंल. झेंडावंदनाला निघताना रुचिर दिसेपतोर थांबते आन जाते.

तुमच्या फाटकापाशी उभी,
प्रतीक्षा